टोळी म्हणायचं की दस्ता? सिद्धगड, १९४३

गुन्हेगारपटाची चौकट आपल्याला पाठ आहे. एक म्होरक्या, त्याची टोळी, धाडसी बेत, पोलिसांचा पाठलाग आणि शेवटी फुटलेली बातमी. आज हीच चौकट घेऊन मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर जाऊ.

म्होरक्या कोण? तर विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल. १९१२ साली माथेरानला नाभिक कुटुंबात जन्म, शिक्षणानं वकील, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष. पहिली कलाटणी इथंच आहे : हा माणूस कायदा शिकलेला. आजूबाजूच्या गावांत त्यांनी शाळा काढल्या, आणि शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्यकोठ्या चालवल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’ची हाक दिली गेली, नेते तुरुंगात गेले. कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभारला. बेत नेमका होता. खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या जलविद्युत केंद्रांची वीज मुंबईला जायची. युद्धकाळात त्या विजेवर कारखाने आणि रेल्वे चालत. केंद्रावर पहारा बसवता येतो. रानावनांतून गेलेल्या प्रत्येक मनोऱ्यावर कसा बसवणार? सप्टेंबर ते नोव्हेंबर मनोरे कोसळत राहिले.

सरकारनं इनाम लावलं. अखेर दस्त्याचा ठावठिकाणा फुटला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल या पोलिस अधिकाऱ्याच्या तुकडीनं सिद्धगडाच्या जंगलात हल्ला केला. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथंच शहीद झाले.

चित्रपट विचारतो, फितूर कोण? इतिहासानं उलटं विचारावं : इतके महिने फितुरी झाली का नाही? रानात राहणाऱ्याला भाकरी आणि निरोप गावातूनच येतो. म्हणजे प्रत्येक घरात खबऱ्या निघू शकला असता. तरी गावं गप्प राहिली. मला वाटतं, त्याचं उत्तर बंदुकीत नाही, त्या धान्यकोठ्यांत आहे.

१८४८ साली राघोजी भांगरे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. सरकारदरबारी तेही दरोडेखोरच होते. कोतवालांवर २०२० साली चित्रपट आला, आणि दर २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात. ‘टोळी’ हा शब्द कागदात सापडला, की आधी एवढंच बघा : कागद लिहिला कुणी?

आता प्रश्न घेऊ.