मॉडेल रेल्वे : इंजिनाला टेंडर कसा जोडतात?

गोंदिया–नैनपूर–जबलपूर ही बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी (762 मिमी) नॅरोगेज होती. तिच्यावरच्या 'सीसी' वर्गाच्या वाफेच्या इंजिनामागे कोळसा-पाण्याची गाडी असे. तोच टेंडर. 1:87 प्रमाणाच्या मॉडेलमध्ये हे रूळ जेमतेम 9 मिमी रुंदीचे होतात.

जोडणी अशी करा :

- आधी वीजपुरवठा बंद करा.
- इंजिन आणि टेंडर स्पंजवर उलटे ठेवा.
- जोडपट्टीचं (ड्रॉबार) भोक पिनवर बसवा. दोन भोकं असतील, तर तीव्र वळणासाठी जास्त अंतर ठेवणारं निवडा. नाहीतर टेंडर इंजिनाला घासून रुळावरून घसरतो.
- वायरचा प्लग असल्यास दिशा पाहून चिमट्याने हळूच बसवा. वायर धरून ओढू नका.

अनेक मॉडेलमध्ये टेंडरची चाकंही रुळातून वीज घेतात. वायर तुटली, तर इंजिन अडखळतं किंवा जागीच थांबतं.