ठेंगणं दार
बेंगळुरूत बसून ओकाकुरा काकुझो यांचं १९०६चं इंग्रजी ‘द बुक ऑफ टी’ मराठीत आणताना मी चहाघराच्या दारापाशी अडले. जपानीत त्याला निजिरिगुची म्हणतात. उंची जेमतेम सव्वादोन फूट. तलवार बाहेर ठेवायची, गुडघ्यांवर सरकत आत जायचं. सोळाव्या शतकात साकाईच्या एका व्यापाऱ्याच्या मुलानं, सेन नो रिक्यूनं, ही रीत रुजवली. दोन चटयांच्या खोलीत सामुराई आणि व्यापारी शेजारी बसत.

मी ‘ठेंगणं दार’ लिहिलं. आजोळच्या वाड्याचं दार तसंच होतं. मान लववूनच आत जावं लागे. मग आठवलं, काहींना वाकूनही आत येता येत नसे. त्यांचा चहा अंगणात, वेगळ्या कपात. शब्द खोडला. निजिरिगुची तसंच ठेवलं.