पडेगाव ते पडेगाव : खाम नदीच्या खोऱ्यातील एक प्रदक्षिणा (थ्रेड)

१/
औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, इतिहास म्हटला की मलिक अंबर, औरंगजेब, निजाम ही सत्ताधीशांची यादी समोर येते. त्या यादीत एका साध्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. हे शहर नेमके याच जागी का वसले, आणि दोनदा उद्ध्वस्त होऊनही पुन्हा याच जागी का उभे राहिले? उत्तर शोधण्यासाठी आज पडेगावातून निघू आणि वर्तुळ पूर्ण करून पडेगावातच परतू.

२/
फ्रान्सच्या नदीखोऱ्यांत अशा वर्तुळाकार पायवाटा असतात. झाडांवर आणि दगडांवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्या पाहत वाटसरू खेडी, पूल, जुनी चर्चेस पार करतो आणि निघाला तेथेच येऊन पोहोचतो. आपल्याकडे प्रदक्षिणेची परंपरा त्याहून जुनी आहे. खामकाठी पिवळ्या पट्ट्या नाहीत, परंतु वाट दाखवणारी गावनावे भरपूर आहेत. त्यांचे शेवट लक्षपूर्वक वाचावेत : गाव, छावणी, पुरा, वन. प्रत्येक शेवट एका काळाची खूण आहे.

३/
पडेगाव शहराच्या पश्चिमेस, दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १६६६-६७च्या सुमारास जाँ द तेवनो हा फ्रेंच प्रवासी औरंगाबादेत आला, दौलताबाद पाहिले, वेरूळची लेणी पाहिली आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. त्याने पाहिलेल्या औरंगाबादला तट नव्हता. तो १६८२मध्ये उभा राहिला. आपण मात्र दौलताबादकडे पाठ करून पूर्वेस, शहराच्या दिशेने निघू.

४/
पहिला टप्पा छावणी. येथे हैदराबाद कंटिन्जंटची फौज असे. निजामाच्या नावाची, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची. जून १८५७मध्ये याच फौजेच्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उफाळला. आपल्याला उत्तरेकडे, दिल्लीच्या बाजूच्या लढाईत धाडले जाणार, ही शंका त्यामागे होती. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली आणि उठाव कठोरपणे चिरडला गेला. मराठवाड्यातील १८५७चे हे पान अभ्यासक्रमात फारसे येत नाही.

५/
छावणी ओलांडली की लोखंडी पूल आणि पुलाखाली खाम. प्रथमदर्शनी निराशा होते. एवढ्याशा नदीवर एवढे मोठे शहर? जटवाड्याच्या डोंगरांतून निघणारी ही नदी पावसाळ्यात खळाळते आणि उन्हाळ्यात जवळपास आटते. आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या पृष्ठभागावर मिळणार नाही. ते तिच्या पात्राखाली आहे.

६/
इथे मलिक अंबर येतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा सूत्रधार झालेला हा पुरुष. १६१०मध्ये त्याने खडकी या खेड्याच्या जागी नवी राजधानी वसवली. खडकी हे नावच जमिनीचा पोत सांगते. १६१२मध्ये मोगलांवरील विजयाची खूण म्हणून उभारलेला त्याचा भडकल दरवाजा आजही शाबूत आहे. निजामशाहीतील मराठे सरदारही या नगरात राहत. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी यांच्याशी जोडली जातात.

७/
१६१६मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगलांनी खडकीची राखरांगोळी केली. १६२१मध्ये तिच्यावर पुन्हा तोच प्रसंग आला. दोन्ही वेळा नगर त्याच जागी उभे राहिले. १६२६मध्ये अंबर वारला आणि त्याचा पुत्र फतेहखान याने नगराला फतेहनगर म्हटले. १६५३मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद हे नाव दिले. नावे बदलली, जागा बदलली नाही. मोगलांनीही आपली दख्खनची राजधानी अंबरच्याच नगरात थाटली.

८/
कारण अंबरने पाण्याचा मार्ग शोधून ठेवला होता. नहर-ए-अंबरी म्हणजे जमिनीखालची जलवाहिनी. हर्सूलकडील उंच भागात नदीपात्राच्या व टेकड्यांच्या पोटात मुरलेले पाणी बोगद्यात झिरपू द्यायचे आणि केवळ उताराच्या बळावर नगरात आणायचे, अशी ही योजना. ऊन त्या पाण्याची वाफ करू शकत नव्हते. वाटेत ठिकठिकाणी बांधलेले उभे झरोके आणि दगडी मनोरे हवा खेळती ठेवत. इराणात अशाच बोगद्यांना कारेझ म्हणतात. बिदर आणि बुऱ्हाणपुरातही त्यांचे भाऊबंद आहेत. नदी दिसायला लहान होती. तिच्याखाली मुरलेले पाणी मात्र राजधानी पोसण्याइतके होते.

९/
नदीकाठाने वर चालत बारापुल्ला दरवाजा मागे टाकला की महेमूद दरवाजा आणि त्याला लागून पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा तकिया. जटवाड्याच्या बाजूने स्वतंत्र नळाने आलेले पाणी मनोऱ्यावर चढे, तेथून खाली कोसळून चक्राची पाती फिरवी आणि वरच्या जात्यात तकियातील फकिरांसाठी धान्य दळले जाई. समोरच्या आयताकृती हौदाचा तळ हे खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली भक्कम खांबांवर उभी थंडगार सावली. उन्हाळ्यात त्या दालनात उतरल्यावर बांधणाऱ्याचा हेतू वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१०/
पुढे बेगमपुरा आणि बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७मध्ये वारली. दरवाजावरील लेखानुसार वास्तू १६६१मध्ये पूर्ण झाली. त्या लेखात वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. मकबरा शाहजादा आझमने आईसाठी बांधला, असे सर्रास सांगितले जाते. आझमचा जन्म १६५३चा. वास्तू पूर्ण झाली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. नंतरची दुरुस्ती त्याची असू शकेल, उभारणी पित्याचीच. ताव्हेर्निये या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशाला सुरत-गोवळकोंडा मार्गावर या कामासाठी संगमरवर वाहणारे तीनशे गाडे दिसले. त्यांतील लहानात लहान गाड्याला बारा बैल होते. एवढा दगड दुरून आणता आला. चारबागेतील कारंज्यांना पाणी मात्र याच खोऱ्याचे लागले.

११/
मकबऱ्याच्या मागील डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांतली, म्हणजे खडकीच्या स्थापनेच्या हजार वर्षे आधीची. चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह त्याहूनही जुने. तिसऱ्या लेण्यातील गुडघे टेकून बसलेले उपासक आणि सातव्या लेण्यातील वादकांनी वेढलेली नर्तिका पाहून मग वळावे आणि खाली दिसणारे खोरे नीट न्याहाळावे. दिवसभर तुकड्या-तुकड्यांत पाहिलेले सारे येथून एका नजरेत येते. डोंगर पाणी धरतो, उतार ते सोडतो आणि माणसे त्या उतारावर वस्ती करतात.

१२/
परतीची वाट विद्यापीठ परिसरातून. पायथ्याशी सोनेरी महाल, मोगलांसोबत दख्खनेत आलेल्या ओरछाच्या पहाडसिंग बुंदेल्याचा. त्याच्याच नावाचा पहाडसिंगपुरा. जवळ जयसिंगपुरा, पुरंदरच्या तहाच्या मिर्झाराजे जयसिंगांचा. छावणीलगतचा कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंगाचा, तर पदमपुरा त्याच्या पुत्राचा. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे, अशी या शहराची ख्याती. एकेका सरदाराच्या तळाभोवती बाजार आणि कारागीर जमत, आणि पुरा म्हणजे एक स्वतंत्र खेडेच होऊन जाई.

१३/
मग नागसेनवन. १९५०मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. राजा मिलिंदाने प्रश्न विचारले आणि भिक्षू नागसेनाने उत्तरे दिली. त्या संवादातील दोघेही या परिसराच्या नावात आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांच्या मुलांसाठी ज्ञानाची दारे याच खोऱ्यात उघडली. पाण्याचा इतिहास लिहिताना ते कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, हेही लिहावे लागते.

१४/
आता पुन्हा छावणी, पुन्हा खाम. येथे आणखी एक वर्तुळ दिसते. आज शहराचे पिण्याचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. १९७६मध्ये लोकार्पण झालेला हा नाथसागर शहराहून सुमारे १०० मीटर खाली आहे, म्हणून पाणी विजेच्या बळावर वर चढवावे लागते. तरीही अनेक वस्त्यांत नळ काही दिवसांआड येतो. आणि शहराचे सांडपाणी वाहून नेणारी खाम शेवटी त्याच नाथसागराला जाऊन मिळते. अंबरचे पाणी उताराने येत होते. आपले पाणी चढाने येते आणि मैले होऊन उताराने परत जाते.

१५/
अलीकडे खामपात्राच्या स्वच्छतेचे आणि काठ सुधारण्याचे काम सुरू झाले आहे. लोखंडी पुलाजवळ त्याचा फरक दिसतो. नहरीचे नशीब तेवढे चांगले नाही. रस्ते, पाये आणि इमारती यांच्याखाली तिचे झरोके बुजत गेले. वाड्याची भिंत ढासळली तर दिसते, आणि कोणीतरी हळहळते. जमिनीखालचा वारसा मोडतो तेव्हा आवाजही होत नाही.

१६/
पडेगावात परतेपर्यंत सावल्या लांबलेल्या असतात. सकाळच्या प्रश्नाचे उत्तर एव्हाना पायांनी दिलेले असते. तट-दरवाजे बांधण्याच्या आधी कोणीतरी या खडकाळ खोऱ्यात पाणी कोठे मुरते, हे जाणून घेतले होते. मित्रहो, तुमच्या गावाची अशी प्रदक्षिणा एकदा अवश्य करा. सुरुवात किल्ल्यापासून करू नका, ओढ्यापासून करा. वाटेत बुजलेली बारव, फुटका पाट, विसरलेला नळ दिसला तर त्याचे छायाचित्र आणि जागा नोंदवून ठेवा. उद्या ती जागा उरली नाही, तर तुमची नोंद हाच तिचा पुरावा असेल.

(समाप्त)