फॅमिली ट्रिपसाठी रिवॉर्ड क्रेडिट कार्ड: महाड-पोलादपूरच्या घराला खरंच फायदा होतो का?

रिवॉर्ड क्रेडिट कार्ड म्हणजे खर्च केल्यावर त्यातला थोडा भाग पॉइंट, कॅशबॅक किंवा एअरमाइलच्या रूपात परत देणारं कार्ड. जाहिरातीत ते 'फिरा आणि कमवा' अशा थाटात समोर येतं. फोनवर पाच मिनिटांत अर्ज होतो आणि पगार खात्यात येत असेल तर बँकेच्या अ‍ॅपवर 'प्री-अप्रूव्ह्ड' ऑफर आधीच येऊन बसलेली असते. महाड एमआयडीसीत नुकतीच नोकरी लागलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, त्याला असा फोन येऊन गेलेला असतो.

प्रश्न एवढाच आहे की आई-बाबा, आजी आणि भावंडांना घेऊन वर्षातून एकदा फिरायला जाणाऱ्या घराचे पैसे त्याने वाचतात का. उत्तर कार्डाच्या नावावर कमी आणि तुमच्या ट्रिपचे पैसे नेमके कुठे खर्च होतात यावर जास्त अवलंबून आहे.

आधी पॉइंटचे रुपये करा

'१०० रुपयांवर ५ पॉइंट' हे वाचून ५ टक्के परत मिळणार असं वाटतं. तसं नसतं. पॉइंटची किंमत बँक ठरवते आणि बऱ्याच कार्डांवर ती २० ते २५ पैसे असते. म्हणजे ४ पॉइंटचा १ रुपया धरला तर १०० रुपयांवर ५ पॉइंट म्हणजे सव्वा रुपया, १.२५ टक्के. आणि १०० रुपयांवर १ पॉइंट देणाऱ्या कार्डावर ४० हजारांची ट्रिप केली तर हातात येतात १०० रुपये. महाड बाजारपेठेत चौघांचा नाश्तासुद्धा त्यात धड होणार नाही.

पॉइंट वटवताना काही बँका ९९ रुपये आणि त्यावर जीएसटी असं वेगळं शुल्क घेतात. बऱ्याच पॉइंटना मुदत असते. पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, घरभाडं आणि ईएमआयवर केलेली खरेदी यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देतच नाहीत. पेट्रोलवर मिळते ती साधारण १ टक्का सरचार्ज माफी. ती बचत नव्हे, वर लावलेलं शुल्क परत केलेलं असतं.

मग वार्षिक फी. ४९९ रुपये फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये होतात. कार्ड सरासरी १ टक्का परत देत असेल, तर नुसती ही फी भरून निघायला वर्षाला जवळपास ५९ हजारांचा खर्च त्या कार्डावर व्हायला हवा. त्यामुळे पहिलं कार्ड घेताना 'लाइफटाइम फ्री' म्हणजे कायम फी नसलेलंच बघा. 'पहिल्या वर्षी फ्री' हे शब्द वेगळे आहेत, नीट वाचा.

आपल्याकडच्या ट्रिपचे पैसे कुठे जातात?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगड आणि महाबळेश्वर, किंवा महाडहून एसटीने रत्नागिरी-गणपतीपुळे, ही इथली नेहमीची फिरस्ती. या ट्रिपमध्ये तिकीट एसटीचं, जेवण घरगुती खानावळीत, राहणं एखाद्या ओळखीच्या घरी किंवा होमस्टेवर. जवळपास सगळा व्यवहार रोख किंवा क्यूआरवर. कार्ड घासायचं मशीन दिवसभरात एकदा दिसलं तरी खूप.

इथे 'यूपीआयवर क्रेडिट कार्ड चालतं की' असं कोणीतरी म्हणेल. चालतं, पण फक्त रुपे क्रेडिट कार्ड. २०२२ पासून ते यूपीआय अ‍ॅपला जोडता येतं. इतर नेटवर्कची कार्डं क्यूआर स्कॅन करून अशी वापरता येत नाहीत. शिवाय रुपे कार्डाने पैसे फक्त दुकानदाराच्या, म्हणजे मर्चंट क्यूआरवर जातात. होमस्टेच्या काकूंनी स्वतःच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर भिंतीला चिकटवला असेल, तर क्रेडिट कार्डाचा पर्यायच येणार नाही. आणि पेमेंट झालं तरी यूपीआयवरच्या खर्चाला बरीच कार्डं कमी पॉइंट देतात. कार्ड निवडताना हा मुद्दा शहरातल्या मुलापेक्षा आपल्याला जास्त महत्त्वाचा, कारण आपला खर्च क्यूआरवरच होतो.

आता एसटीचा हिशोब बघा. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या प्रवासात महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. समजा पाच जण निघालात, एका बाजूचं पूर्ण तिकीट ४०० रुपये. आई, आजी आणि बहीण यांना निम्मं तिकीट, म्हणजे जाऊन-येऊन १,२०० रुपये वाचले. हेच १,२०० रुपये १ टक्क्याच्या कार्डावर कमवायचे तर १ लाख २० हजार रुपये खर्च करावे लागतील! आजीने पंचाहत्तरी ओलांडली असेल तर बचत आणखी वाढते. तिचं वय दाखवणारं आधार कार्ड बरोबर ठेवा. या ट्रिपमध्ये खरं रिवॉर्ड कार्ड तेच. (सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, गोव्याला किंवा कर्नाटकात जाताना हे लक्षात असू द्या.)

थोडक्यात, जवळच्या ट्रिपसाठी नवीन कार्ड काढायची काहीच गरज नाही.

कार्ड कामाला येतं ती ट्रिप

लांबच्या ट्रिपचं गणित वेगळं. कोकण रेल्वेने केरळला जायचंय, चौघं जण, एकूण अंदाज ६० हजार. महाडला जवळचं स्टेशन वीर, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून लांबच्या गाडीसाठी माणगाव, खेड किंवा थेट पनवेल गाठावं लागतं. त्यात समजा एसी डब्याची तिकिटं १६ हजार, ऑनलाइन बुक केलेलं हॉटेल २० हजार आणि उरलेले २४ हजार टॅक्सी, खाणं, बोटी, नारळपाणी. हे शेवटचे २४ हजार कार्डावर जवळपास जात नाहीत असं धरा. म्हणजे पॉइंट मिळवणारा खर्च ३६ हजार.

साध्या १ टक्क्याच्या कार्डावर यातून ३६० रुपये येतील. त्यातही आयआरसीटीसीवर क्रेडिट कार्डाने पैसे भरताना साधारण १ टक्का पेमेंट गेटवेचं शुल्क लागतं, म्हणजे तिकिटाचे पॉइंट तिथेच फिटले. शिवाय आयआरसीटीसीची सुविधा फी एसी तिकिटाला ३० रुपये आणि बिगर-एसीला १५ रुपये. यूपीआयने भरली तर तीच २० आणि १०, वर जीएसटी.

याच ठिकाणी रेल्वेचं को-ब्रँडेड कार्ड वेगळं ठरतं. अशा कार्डावर हे १ टक्का शुल्क माफ असतं आणि एसी वर्गाच्या तिकिटांवर १० टक्क्यांपर्यंत मूल्याचे पॉइंट मिळतात. १६ हजारांवर पूर्ण १० टक्के मिळाले तर १,६०० रुपये, हॉटेलचे २०० धरून १,८०० रुपये. ५८९ रुपये फी वजा केली तरी बाराशे उरतात. ही बचत खरी आहे. पण ती एसीने जाणाऱ्याची! तुमचं घर स्लीपरने जात असेल तर हे जास्तीचे पॉइंट नाहीत, आणि पॉइंट मिळावेत म्हणून स्लीपर सोडून थर्ड एसी घेतला तर तिकिटातला फरक पॉइंटपेक्षा मोठा असतो. कार्डवाल्यांना नेमकं हेच हवं असतं.

एअरपोर्ट लाउंजचं आमिष मी तर सरळ बाजूला ठेवीन. महाडहून विमान पकडायचं तर आधी मुंबई, नवी मुंबई किंवा पुणे गाठायचं. वर्षातून एकदाही विमानात न बसणाऱ्या घराने लाउंजसाठी फी का भरावी? हल्ली बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला तरच लाउंज उघडतं.

हॉटेल किंवा ट्रॅव्हल एजंटकडे प्रत्यक्ष कार्ड घासताना 'कार्डाला २ टक्के जास्त' असं म्हणतात का, तेही आधी विचारा. म्हणत असतील तर यूपीआयने खात्यातून पैसे द्या आणि मोकळे व्हा.

मे महिन्याचं बिल जूनमध्ये येतं

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती इथे. क्रेडिट कार्डावर ४५ ते ५० दिवसांपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते असं सांगतात. समजा तुमचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला बनतं आणि भरायची तारीख पुढच्या महिन्याची ५. २० मेची ट्रिप १५ जूनच्या बिलात येईल आणि पैसे ५ जुलैपर्यंत भरायचे. तेव्हा आपल्याकडे काय चालू असतं? शाळा सुरू झालेल्या, वह्या-पुस्तकं, रेनकोट, शेतावर लावणीची मजुरी. घरातला पैसा वर्षात सर्वात ओढीचा असतो त्याच आठवड्यात ट्रिपचं बिल दारात उभं राहतं.

मग अ‍ॅपवर 'मिनिमम ड्यू' दिसतं. ४० हजारांच्या बिलावर ५ टक्के धरले तर फक्त २ हजार. भरून टाकलं की सुटलो असं वाटतं. पण उरलेल्या ३८ हजारांवर महिन्याला ३.५ टक्के व्याज धरलं तर १,३३० रुपये आणि त्यावर जीएसटी मिळून जवळपास १,५७० रुपये होतात. १ टक्क्याच्या कार्डाने त्या ट्रिपवर दिलेले पॉइंट होते ४०० रुपयांचे. एका महिन्यात चार ट्रिपांचे पॉइंट गेले! प्रत्यक्षात व्याज बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षाचा दर ४० टक्क्यांच्या पुढे जातो. एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून, वर शुल्क वेगळं.

जुलैचं आणखी एक कारण आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडालं आणि तळीयेत दरड कोसळली, हे इथल्या कोणाला सांगायला नको. मेमध्ये लिमिट फिरण्यात संपवून पावसाळ्यात शिरणं इथल्या घराला परवडत नाही. अडीअडचणीला औषध, दुरुस्ती किंवा भाड्याच्या खोलीसाठी लिमिट मोकळं असणं, हा मला तरी पॉइंटपेक्षा मोठा फायदा वाटतो.

तारखांवर थोडा ताबा तुमच्या हातात आहे. रेल्वेचं आगाऊ बुकिंग सध्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणून मेची तिकिटं मार्चमध्ये काढली तर त्यांचं बिल एप्रिल-मेमध्येच फिटतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलाचं चक्र किमान एकदा बदलून मागता येतं. पगाराची तारीख बघून ते मागा. ऑटोपे लावताना 'मिनिमम' नाही, 'टोटल अमाउंट ड्यू' निवडा.

मुंबईतला चुलतभाऊ, काका-काकू आणि गावाकडचे असे सगळे मिळून जात असाल तर एकाच्या कार्डावर सगळ्यांचं बुकिंग करून बाकीच्यांनी त्याला पैसे पाठवायचे, ही युक्ती चांगली आहे. एका तिकिटावर ६ प्रवासी बसतात. फक्त पाठवलेले पैसे आले त्याच दिवशी कार्डाच्या खात्यात भरून टाकायचे. खात्यात पडून राहिले की ते आपलेच वाटू लागतात.

पॉइंट संपणार असा मेसेज आला तर

'तुमचे ९,८५० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत, खालचं अ‍ॅप डाउनलोड करा' असा व्हॉट्सअ‍ॅप किंवा एसएमएस आला तर तो फसवणुकीचा समजा. त्यातली एपीके फाइल इन्स्टॉल केली की फोनवरचे ओटीपी चोराच्या हाती जातात. पॉइंट बघायचे ते बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येच. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेकडून कार्ड बंद करून घ्या. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप-करून-पैसे हे तिन्ही पर्याय अ‍ॅपमधून चालू-बंद करता येतात. परदेशी व्यवहार बंदच ठेवा.

कार्ड नकोसं झालं तर

आधी पॉइंट वापरून टाका, मग सगळी बाकी भरा आणि बंद करण्याची विनंती लेखी किंवा अ‍ॅपवरून द्या. बाकी शून्य असेल तर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत आहे. विनंतीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार करूनही बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, त्यासाठी वकील किंवा एजंट लागत नाही.