पेट्रोल महागलं, की नजर आपल्या वावराकडे

बोरी अरबच्या फाट्यावर ऑटोचं भाडं वाढलं, की आपण म्हणतो, पेट्रोल महागलं. मग दुसऱ्या इंधनाची चर्चा सुरू होते. ही चर्चा जुनी आहे. तिचा इतिहास आज पाहू.

आपल्या दारव्ह्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूर धावणारी शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. आपल्या आज्या तिच्यातून फिरल्या, तेव्हा गाडीला डिझेलचा थेंबही लागत नव्हता. मग डिझेलचं इंजिन आलं.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं. तेव्हा मोटारींना मागे भट्टी जोडून लाकडी कोळशाच्या गॅसवर त्या चालवल्या. कोळसा आला जंगलातल्या लाकडातून. युद्ध संपलं, पेट्रोल मिळू लागलं, भट्ट्या गेल्या.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेलं. पुढे गोबरगॅसवर सरकारने जोर दिला. सोय चांगली, धूर नाही. पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. ते डोक्यावरून कोणी आणायचं? आपणच. ज्या घरी जनावरं कमी, तिथे चूल पेटतीच राहिली.

२००३ च्या सुमारास पडीक जमिनीवर मोगली एरंड लावा, त्याच्या बियांचं डिझेल होईल, असं सांगितलं गेलं. कोरडवाहू जमिनीत बी आलं थोडं, भाव मिळाला त्याहून थोडा. त्याच वर्षी महाराष्ट्रात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळणं सुरू झालं. आज ते २० टक्के आहे. ते होतं उसाच्या मळीतून, रसातून, मक्यातून, तुकडा तांदळातून.

पाहा, दरवेळी पेट्रोलची जागा भरायला माल मागितला तो जंगलाकडे, गोठ्याकडे नाहीतर वावराकडे.

आता पाळी पऱ्हाटीची. कापूस संपला, की ती उपटायची, बांधायची, वर्षभर चुलीत जाळायची, हे आपलं काम. आज तीच दळून, दाबून तिचा पांढरा कोळसा होतो आणि कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातो. हे वाईट नाही. वावरात पेटवून देण्यापेक्षा कितीतरी बरं. पण पऱ्हाटी गेली, तर चुलीत काय घालायचं? सिलिंडर भरायला पैसे लागतात. त्यामुळे पऱ्हाटीचा सौदा घरातल्या पुरुषाने एकट्याने करू नये.

या महिन्याच्या बैठकीत आपण तीन आकडे वहीत लिहू: घराला वर्षाला किती पऱ्हाटी लागते, उपटण्याची मजुरी किती पडते आणि तेवढ्या पऱ्हाटीच्या बदल्यात किती सिलिंडर येतात. व्यापारी दारात आला, की आधी वही उघडायची, मग भाव बोलायचा.