एकशे नऊ धावा आणि दोन हजार मतं

परळहून मोर्चाला जायचो तेव्हा आझाद मैदानाच्या कडेला, बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाला टेकून कितीदा वडापाव खाल्लाय. आत कोण खेळून गेलं ते शाळेच्या पुस्तकात नव्हतं. आजा सांगायचा, पण अर्धंच.

१९०६चा फेब्रुवारी. हिंदूंचा संघ गोऱ्यांशी भिडला. हिंदू २४२. गोरे १९१. एक्कावन्नची आघाडी, म्हणजे फार काही नाही. दुसऱ्या डावात हिंदू १६०वर आटोपले. गोऱ्यांना २१२ हव्या होत्या. सामना कुणीकडेही झुकला असता. पण गोरे १०२वर गारद, हिंदू १०९ धावांनी जिंकले. गोऱ्यांना कापणाऱ्यांत पुढे होता डावखुरा फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर. जात चांभार.

आता हे 'हिंदू' प्रकरण बघा. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात बाळू महिना चार रुपयांवर मैदान झाडायचा, रोलर फिरवायचा, जाळी बांधायचा. साहेबाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता हात तयार झाला. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्याला संघात घेतलं. मैदानावर त्याने घासलेला चेंडू सगळ्यांनी हातात घ्यायचा. चहाच्या वेळी मात्र सवर्ण आत चिनीमातीच्या कपात पिणार आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू विटाळत नाही, कप विटाळतो! कुठल्या स्मृतीत लिहिलंय हे, कुणी शोधून काढा.

अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन हा काळा गडी गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉलमध्ये उतरला १९४७ साली. आपला बाळू त्याच्या एक्केचाळीस वर्षं आधीचा. १९११ला इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्यांनी त्याचा सत्कार केला. त्या मानपत्रामागे तरुण भीमराव होते असं सांगतात. एवढं करून बाळूला हिंदू संघाचं कप्तानपद काही मिळालं नाही. धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला तो १९२३ला, आणि तोही भावांनी भांडण मांडल्यावर.

इथपर्यंत आजा रंगून सांगायचा. पुढचं विचारलं की तंबाखू मळत बसायचा.

पुढचं असं. १९३२च्या पुणे करारावर बाळूची सही आहे. गांधींच्या बाजूने तो उभा राहिला. धर्मांतराची घोषणा त्याला पटली नाही. आणि १९३७च्या निवडणुकीत भायखळा-परळच्या राखीव जागेवर काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात कोणाला उभं केलं? बाळूला. ज्याला उपाहाराला बाहेर बसवलं त्यालाच आता पुढे केलं, आपल्याच माणसाच्या अंगावर. मतं पडली बाबासाहेबांना १३,२४५, बाळूला ११,२२५. दोन हजार वीसचा फरक. जिमखान्यावरच्या सामन्यापेक्षा हा जास्त अटीतटीचा झाला. बाबासाहेब तेव्हा दादरला राजगृहात राहत होते, पण त्याआधी वीसेक वर्षं इथेच परळच्या बीआयटी चाळीत काढलेली. म्हणजे चाळीच्या दारातच हा सामना.

आपल्यातले काही पोरगे बाळूचं नाव काढलं की 'गद्दार' म्हणून मोकळे होतात. मला ते जमत नाही. राजकारणात तो चुकला, साफ चुकला. पण त्याला वापरणारे कोण होते हे सोडून नुसतं त्यालाच शिव्या द्यायच्या? आणि त्याच्यावर अकरा हजारांवर मतं पडली, त्यातली काही आपल्या वस्तीतली नव्हती असं कोण छातीठोक सांगेल? आज्याला मत नव्हतं. असतं तर कुणाला दिलं असतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

बाळू वारला १९५५च्या जुलैत. नागपूरची दीक्षा सव्वा वर्षावर होती.

विठ्ठलने 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं पुस्तक लिहिलंय, १९४८चं. घरातल्या माणसाने घरातलं सांगितलेलं. मला वाचायचंय. गिरगाव-दादरच्या जुन्या वाचनालयांत कुणाची ओळख असेल तर बघा. झेरॉक्स काढून पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करीन.