आईजवळची खुर्ची आणि १२७ हा आकडा

पीएचडीला लागल्यावर एक गोष्ट आपल्या डोक्यात पक्की बसवली जाते: एकट्यादुकट्याचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. आधी मोजा, मग बोला. हे बरोबरच आहे. पण हे वाक्य अर्धवट लक्षात ठेवलं तर काय होतं, ते समजून घ्यायला आज स्टॅफर्डच्या इस्पितळाचा इतिहास बघू.

इंग्लंडमधलं स्टॅफर्ड हे काही मोठं शहर नाही. सप्टेंबर २००७ मध्ये तिथल्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, इस्पितळात ८६ वर्षांच्या बेला बेली दाखल झाल्या. त्यांची मुलगी ज्यूली गावात कॅफे चालवायची. वॉर्डातली अवस्था बघून तिनं ठरवलं, आईला एकटं सोडायचं नाही. घरच्यांनी पाळ्या लावल्या आणि साधारण आठ आठवडे रात्रंदिवस कोणी ना कोणी आईजवळच्या खुर्चीत बसून राहिलं.

आपल्याला यात विशेष वाटणार नाही. आपल्याकडे पेशंटजवळ कोण बसणार आणि डबा कोण नेणार, हे दाखल करतानाच ठरतं. तिकडे मात्र भेटीची वेळ संपली की नातेवाइकांनी घरी जायचं; भरवणं, पाणी देणं, स्वच्छता हे सगळं नर्सनी बघायचं. त्यामुळे या कुटुंबानं खुर्ची न सोडणं हीच मुळात एक तक्रार होती.

नोव्हेंबरमध्ये बेला गेल्या. ज्यूलीनं स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, आणि तसंच काहीतरी भोगलेली इतर कुटुंबं पुढे आली. त्यातून ‘क्युअर द एनएचएस’ हा गट तयार झाला. कॅफेच्या एका भिंतीवर गेलेल्या माणसांचे फोटो लागले.

आता आकड्याकडे येऊ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘डॉक्टर फॉस्टर’ या संस्थेनं इस्पितळांच्या मृत्युदरांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यामागची पद्धत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले ब्रायन जार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. कल्पना सोपी आहे. रुग्णांचं वय, लिंग, आजार, तातडीनं दाखल झाले की ठरवून, हे सगळं धरून इस्पितळात किती मृत्यू ‘अपेक्षित’ आहेत ते काढायचं. प्रत्यक्ष मृत्यूंना त्यानं भागायचं आणि १०० नं गुणायचं. १०० आलं तर देशाच्या सरासरीइतकं. स्टॅफर्ड चालवणाऱ्या ट्रस्टचा आकडा आला १२७. म्हणजे अपेक्षेपेक्षा २७ टक्के जास्त मृत्यू.

ट्रस्टचं उत्तर काय होतं? कोडिंगमध्ये गडबड आहे. म्हणजे रुग्णाचे आजार नोंदवहीत नीट लिहिले गेले नाहीत, म्हणून अपेक्षित मृत्यू कमी आले आणि भागाकार फुगला.

आणि गंमत अशी की हा आक्षेप खोटा नव्हता! नोंदी बदलल्या की हा आकडा खरोखर बदलतो. विभागाच्या आरोग्य प्राधिकरणानं बर्मिंगहॅम विद्यापीठाकडून या पद्धतीची तपासणी करून घेतली, आणि त्या संशोधकांनी काढलेल्या त्रुटीही दखल घेण्याजोग्या होत्या.

मग चुकलं कुठे? आकडा वाईट आला तेव्हा सगळ्यांनी भागाकार तपासला. वॉर्डात जाऊन बघायला हवं, हे मात्र मागे पडलं. ‘कोडिंग चुकलं असेल’ आणि ‘रुग्णसेवा चुकत असेल’ ही दोन्ही गृहीतकं समोर होती. तपासणी एकाचीच झाली, जे सोयीचं होतं त्याची. दुसऱ्या गृहीतकाचा पुरावा खुर्चीत बसलेल्या नातेवाइकांकडे होता. पण त्याला ‘वैयक्तिक अनुभव’ म्हणून बाजूला ठेवणं सोपं होतं. फेब्रुवारी २००८ मध्ये तर ट्रस्टला अधिक स्वायत्तता देणारा ‘फाउंडेशन’ दर्जाही मिळाला.

पुढच्याच महिन्यात हेल्थकेअर कमिशननं चौकशी सुरू केली. मार्च २००९ च्या त्यांच्या अहवालात ट्रस्टच्या सेवेवर कडक ताशेरे होते. तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांपैकी आधी कोणाला बघायचं, हे कधी कधी स्वागतकक्षातली माणसं ठरवत होती. नंतर रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीपुढे ९०० हून अधिक रुग्ण आणि कुटुंबांनी आपलं म्हणणं मांडलं. जेवणाचं ताट हात पोचणार नाही असं ठेवलेलं, घंटा वाजवूनही कोणी येत नाही, म्हातारी माणसं तासन्‌तास ओल्या अंथरुणात. एका मुलीची तक्रार म्हणून जे वाटलं होतं, त्यात एक नमुना होता. मागची कारणंही बाहेर आली: २००६-०७ मध्ये १ कोटी पौंड वाचवण्यासाठी दीडशेच्या आसपास पदं कमी करायचं ठरलं होतं. २०१३ च्या अंतिम अहवालात २९० शिफारशी होत्या. काही चुकलं तर ते रुग्णाला आणि घरच्यांना प्रामाणिकपणे सांगण्याचं बंधन इंग्लंडमधल्या एनएचएस संस्थांवर २०१४ मध्ये आलं, ते या प्रकरणानंतरच.

पण इथे दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ४०० ते १२०० माणसं हकनाक गेली, असा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांतून फिरला. फ्रान्सिस यांनी स्पष्ट बजावलं की या गुणोत्तरावरून टाळता येण्याजोग्या मृत्यूंची ठरावीक संख्या काढणं सुरक्षित नाही. आकडा एवढंच सांगतो की इथे बघा. काय दिसलं ते सांगायला तिथे बसलेलं माणूसच लागतं.

मी हे लिहितेय कारण ही सवय माझ्यातही आहे. नको असलेला बिंदू आला की मी उपकरण तपासते, नमुना तपासते, कॅलिब्रेशन पुन्हा करते. हवा तो बिंदू आला की आलेख सेव्ह करून चहाला जाते. संशोधन सुरू करणाऱ्यांनी निदान एवढं करावं: वहीत दोन रकाने आखा. आकडा चुकला असेल तर काय दिसेल, आणि आकडा बरोबर असेल तर काय दिसेल. दोन्ही शोधायला सारखाच वेळ द्या. आणि तुमचा विषय माणसांशी संबंधित असेल, तर दुसऱ्या रकान्यासाठी खुर्चीत बसलेल्या माणसाला आधी विचारा. स्टॅफर्डला तिनं आपणहून सांगितलं होतं.